शेगड्याची मिठी

अवजारं माणसांदेखत बोलायची, त्या काळची गोष्ट. भिकाजी सुताराच्या बाकावर एक लोखंडी शेगडा होता. लाकूड जबड्यात धरून करकचून आवळायचं, एवढंच त्याला ठाऊक. फळीवर त्याचे दात उमटत, आणि तो त्यांना आपली सही म्हणे.

एके दिवशी भिकाजीने रबरी काठाची चकती आणली. पंपाने मधली हवा ओढून घेतली, की तिच्यावरची फळी जागची हलत नसे.

"नुसत्या हवेवर फळी धरणार? काय चावटपणा आहे!" शेगडा खेकसला.

"हवेवर नाही, हवा काढून," चकती म्हणाली.

त्या दिवशी तंबोऱ्याच्या भोपळ्यावर बसवायची पातळ फळी, म्हणजे तबली, तासायची होती. "मेस्त्री, पहिला मान माझा!" शेगड्याने हट्ट धरला. जुना सोबती म्हणून भिकाजीने तबली त्याच्या जबड्यात दिली. "बेतानं हं," त्याने बजावलं. पण चकती बघत होती ना! शेगड्याने जीव खाऊन आवळलं आणि तबली कडकन दुभंगली.

भिकाजीने जवळ उरलेली एकच तबली चकतीवर ठेवली, पंप सुरू केला आणि रंधा फिरवला. तबली हलली नाही, तिच्यावर ओरखडाही उठला नाही.

"बघितलंस?" रंध्याने शेगड्याला विचारलं.

"बघितलं," तोंडातले तुकडे न सोडता शेगडा म्हणाला. "हल्लीच्या लाकडात दमच राहिला नाही!"