ढगांच्या नावाचे हुकूम

"ही ती नव्हे!" म्हणत राजा भैरवसेनाने प्याला खाली ठेवला.

समोर मळेकरी कान्हू उभा होता. राजवाड्यातली तांबडी मदिरा त्याच्याच द्राक्षांची असे. तीन सालांपूर्वी ती पिऊन शेजारच्या राजाने तह केला होता. आता पाडव्याला तो पुन्हा येणार होता, आणि भैरवसेनाने त्याला शब्द दिला होता, तीच मदिरा पाजीन!

"महाराज, ती तर तेव्हाच संपली."

"मग तशीच कर! मळे तेच, वेली त्याच, करणारा तूच. पाडव्यापर्यंत जमली नाही, तर वेली उपटून ऊस लावीन!"

कान्हू घरी येऊन पडून राहिला. जेवलाही नाही. मदिरांची मिसळण करणारी त्याची मुलगी तुळजा. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाबा, जेवून घ्या. उद्या मी जाते."

दुसऱ्या दिवशी ती दरबारात उभी राहिली. एका हातात बुधला, दुसऱ्या हातात तीन कागद.

"मदिरा होईल, महाराज. फक्त या हुकुमांवर शिक्का हवा."

दिवाणांनी नेहमीच्या आवाजात वाचायला सुरुवात केली. "पहिला हुकूम, पावसास. हस्त नक्षत्रात येऊ नये. दुसरा, थंडीस. पौषात एकवीस दिवस मुक्काम करावा, मधेच रजा घेऊ नये. तिसरा, गारांस. मळ्याचा बांध ओलांडू नये." दिवाण थांबले. "महाराज, तारीख गेल्या सालची आहे."

"द्राक्षं गेल्या सालची आहेत," तुळजा म्हणाली.

"वेडी आहेस काय? पाऊस माझा हुकूम ऐकतो?"

"नाही ऐकत? मग त्याच्या नावाचा हुकूम चुकून बाबांवर निघाला असावा. ती मदिरा पावसाने केली होती. बाबांनी नुसती पिंपात भरली."

"पण मळे तर तेच ना?" राजा म्हणाला.

"मळे दोन, माती दोन तऱ्हेची. ती द्राक्षं पिकली तेव्हा पाऊस बेताचा होता. खालच्या काळ्या मातीने ओल धरून ठेवली, द्राक्षं गोड झाली. म्हणून तेव्हाच्या मिसळणीत काळ्या मातीतल्या मदिरेचे तीन भाग, टेकडीवरच्या मुरमातलीचा एक. गेल्या साली पाऊस हलायलाच तयार नव्हता. काळ्या मातीतली द्राक्षं पाणी पिऊन फुगली. मुरमातून पाणी निघून गेलं, तिथली बारीक राहिली, पण रस दाट. तरी आपल्या धाकाने बाबांनी मला जुनंच माप धरायला लावलं. काल आपण प्यायलात ती मदिरा कमी, पाऊसच जास्त होता. आज मी माप उलटं केलंय."

तिने बुधल्यातून प्याला भरला. राजाने एक घोट घेतला. मग दुसरा. मग प्याला संपला.

"ही ती नव्हे," तो म्हणाला आणि प्याला पुन्हा पुढे केला.

"नाही, महाराज." तिने प्याला पुन्हा भरला.

"चांगली आहे. पण मी शब्द दिलाय तो त्या मदिरेचा! पाहुण्याला काय सांगू?"

"खरं ते सांगा. ती द्राक्षं पिकली तेव्हा तुमची दोघांची लढाई चालू होती. ही पिकली दोस्तीत. कोणत्या सालची हवी, ते त्यांनाच विचारा. जुनीच हवी म्हणाले, तर मदिरेचं नंतर बघू, आधी सीमेवर फौज पाठवा!"

राजा भैरवसेन हसला, आणि इतका हसला की त्याच्या हातातली मदिरा अंगरख्यावर सांडली. "दिवाणजी, असाच निरोप धाडा पाहुण्याला! आणि गडाखालची उतरणीची सगळी जमीन या पोरीच्या नावे करा!"

दुपारी शिपायांनी तुळजाला ती जमीन दाखवली. तिने मूठभर माती उचलली, बोटांत चोळली, वास घेतला, आणि मगच गडाच्या दिशेने मुजरा केला.