ठमाईचं खळं

फार वर्षांपूर्वी उंबरदांड गाव डोंगराच्या अगदी पायथ्याला होतं, तेव्हाची ही गोष्ट. गावाच्या मावळतीला तुटलेला कडा. पावसाळ्यात सकाळी खालची दरी धुक्यानं भरायची. पाठीमागून ऊन आलं की कधी कधी त्या धुक्यात सात रंगांचं गोल खळं उमटायचं, आणि खळ्याच्या मधोमध बघणाऱ्याची सावली. लोक त्याला यमाचं खळं म्हणत. ज्याच्या डोक्याभोवती दिसलं, त्याचं बोलावणं आलं.

ठमा म्हशी वळायची. तिचा नवरा शिदू धुक्यात कड्यावरून पडून गेला, तेव्हा गाव म्हणालं, "त्याला खळं दिसलं असणार."

शिदूचं दिवसकार्य झालं आणि दुसऱ्याच सकाळी ठमा कड्यावर गेली. म्हणाली, "माझा धनी ज्यानं नेला तो यम दिसतो कसा, बघू तरी."

खळं दिसलं. तिनं हात वर केला, तर आतल्या सावलीनंही केला. ती रडली, तर सावलीचेही खांदे हलले. असं म्हणतात, तिथंच तिची भीती गेली. मग ती रोज जाऊ लागली. ऊन कुठून येतं, सावली कुठं पडते, सगळं तिनं पाहून ठेवलं. पण गावानं तिच्या हातचं ताक घेणं सोडलं.

पुढं एका श्रावणात सात दिवस पाऊस थांबला नाही. आठव्या दिवशी उजाडताना पाऊस थांबला, पण डोंगराला भेग पडली. ओढे फुगलेले, बाहेर पडायला कड्यालगतची एकच वाट उरली. पोरंबाळं, गुरंढोरं घेऊन गाव निघालं. धुकं कमरेइतकं. पाय कुठं पडतोय ते दिसेना.

तेवढ्यात ऊन आलं आणि डाव्या अंगाला खळं उमटलं.

"माझ्या डोक्याभोवती आहे!" पुढं चाललेला भिवा म्हातारा ओरडला.

"नाही, माझ्या!" त्याची सून रडायला लागली.

ज्यानं त्यानं बघितलं, तर ज्याच्या त्याच्या डोक्याभोवती. माणसं मागं फिरू लागली, आणि मागं तर डोंगर करकरत होता.

ठमा मोठ्यानं म्हणाली, "अरे, एकाच वेळी सगळ्यांना न्यायला यम काय पंगत उठवतोय? सावली पायाशी आहे तोवर जमीन आहे. सावली खोल उतरली की तिथं कडा. खळं डाव्या हाताला ठेवा नि चला."

ती स्वतः कड्याच्या टोकावर जाऊन उभी राहिली. तिच्या उजवीकडून एकेक माणूस गेलं. असं म्हणतात, सूर्य डोक्यावर आला तरी शेवटचं वासरू पार होईपर्यंत खळं विझलं नाही. मग ती निघाली, आणि मागं डोंगर घरांवर बसला. माणूस एकही गेलं नाही.

संध्याकाळी भिवा म्हातारा तिच्यापुढं रिकामा वाडगा घेऊन आला. "ताक आहे का गं, ठमाई?" एवढंच म्हणाला. तेव्हापासून ती सगळ्यांची ठमाई झाली. गावाची नातवंडं पाहून, पिकल्या पानासारखी ती गेली.

उंबरदांड आता पलीकडच्या पठारावर आहे. तरी भादव्यात पहिली उघडीप मिळाली की गावातली नवी सून आणि वर्षाचं लेकरू कड्याजवळ नेतात, दोर बांधून, बेतानं. खळं उमटलं की म्हातारी माणसं विचारतात, "कुणाभोवती दिसलं गं?"

दिसतं ते आपल्याच डोक्याभोवती. पण उंबरदांडचं माणूस हात जोडून म्हणतं, "ठमाईभोवती."