फणसानं टेकवलेला हात

अवजारं माझ्याइतकीच बडबड करायची, तेव्हाची गोष्ट.

वादळात म्हातारा फणस गोठ्यावर कलंडला. दार अडलं, शेळी आत अडकली. नवा कोयता धावत आला आणि थेट सगळ्यात जाड फांदीवर चढला.

मागून आलेली करवत म्हणाली, "कोयतेराव, आधी झाडाला विचारा."

"पडलेल्याला काय विचारायचं?"

फणस कण्हत म्हणाला, "बाळा, तीच फांदी जमिनीला टेकवून मी स्वतःला सावरलंय. ती तोडलीस तर शेळीवरच बसेन. आधी दारापुढच्या बारीक फांद्या काढ."

कोयता गुपचूप खाली उतरला. बारीक फांद्या निघाल्या तशी शेळी बाहेर आली आणि लांब टाकलेल्या फांद्यांवरची पानं खाऊ लागली.

"खा गं, पोटभर खा," फणस म्हणाला. "कोयत्या, आता तोड ती फांदी. हात पार भरून आलाय."