वाटीभर आमटीचा वळसा

एकदा एक नगररचनाकार आपल्या वृद्ध गुरुजींना नवी वसाहत दाखवायला न्यायला आला. वसाहत त्यानेच आखली होती, त्यामुळे स्वारी भलतीच खुशीत होती. शहर वाढत वाढत गुरुजींच्या परसापर्यंत येऊन ठेपले होते. मधे फक्त एक उंच भिंत.

"एकही गल्ली आरपार नाही, गुरुजी," तो म्हणाला. "प्रत्येक गल्ली आत जाऊन संपते. परक्या गाड्यांचा त्रासच नाही."

गुरुजी आत गेले आणि वाफाळत्या आमटीची वाटी घेऊन आले. "येतो मी. आधी एवढी भिंतीपलीकडे माझ्या मित्राला देऊन ये. मुलानं तिथं घर घेतल्यापासून तो तिकडेच असतो. त्याला गरम लागते हं."

एवढेसे तर काम, असे म्हणत शिष्य निघाला. भिंतीला दार नव्हते, म्हणून हमरस्त्याने लांबचा वळसा घेतला. फाटकावर पहारेकऱ्याने अडवून नावगाव लिहून घेतले. हा नियमही याचाच. आत दोनदा भलत्याच गल्लीत शिरला आणि दोन्ही वेळा भिंत बघून माघारी फिरला. आपणच आखलेल्या वसाहतीत रस्ता विचारताना त्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

पोहोचला तेव्हा आमटीवरचे तूप थिजले होते. म्हाताऱ्याने ती तशीच चवीने संपवली. "वर्ष झालं त्याच्या हातचं खाऊन," तो म्हणाला. "एवढा वळसा आता दोघांच्याही पायांना झेपत नाही." मग वाटी रिकामी कशी पाठवायची, म्हणून त्याने तीत गुळाचा खडा घातला.

शिष्य परतला तेव्हा गुरुजी भिंतीशी खुर्ची टाकून बसले होते.

"त्याचा खोकला इथं ऐकू येतो," ते म्हणाले. "रोज ऐकतो. तेवढंच कळतं, की आहे अजून. बाळा, अंतर पट्टीनं मोजायला तुला मीच शिकवलं. पण वीस पावलांवरचं घर माणसाला किती लांब पडू शकतं, ते शिकवायचं राहूनच गेलं. चूक माझी आहे."

गुरुजींनी दोष स्वतःकडे घेतला आणि शिष्याला मान वर करवेना. आपण काय दाखवायला आलो होतो, याचीच त्याला लाज वाटली.

गुरुजींनी गूळ तोंडात टाकला, काठी उचलली. "चल, दाखव तुझी वसाहत."

"आज नको, गुरुजी. आधी या भिंतीतून वाट काढतो. मग तुम्हाला इथूनच नेतो."

पलीकडे कुणीतरी खोकले. दोघेही ऐकत उभे राहिले.