ठकूआईचा हंडा

फार फार वर्षं झाली. झरा कड्याखाली आणि वाडी कड्यावर, मधे नुसता उभा चढ. बाळंतीण बारसं उरकलं की डोक्यावर हंडा घेऊन तो चढायची. मग कुणाकुणाचं अंग बाहेर यायचं, म्हणजे गर्भाशयच खाली उतरायचं. बाया ते लाजेनं लपवायच्या आणि पुन्हा पाण्याला जायच्या.

गोजराचंही तसंच झालं होतं, आणि त्यात तिला दिवस गेले. पोर जाईल की आपण जाऊ, या धास्तीनं तिला घास गिळेना. शेवटी तिनं ठकू सुईणीला सांगितलं. ठकूआईनं हात स्वच्छ धुतले, अंग हलकेच आत सारलं, पाय उंच राहावेत म्हणून खाटेच्या पायथ्याखाली दगड लावले आणि तिला पडून राहायला सांगितलं. पोट वाढलं तसं अंग वर राहिलं. पण कळा सुरू झाल्या आणि ते सुजून पुन्हा बाहेर आलं.

जमलेल्या बाया रीतीप्रमाणे ओरडू लागल्या, "जोर कर गं, जोर कर!"

"अजून वाट उघडली न्हाई," ठकूआई म्हणाली. "आत्ता जोर केलास तर फाटशील. चुलीत फुंकतेस तशी फुंकत राहा." मग बायांकडे वळून कडाडली, "जोर तुमालाच आलाय ना? जावा, पाणी आणा!"

मिठाच्या पाण्याचं फडकं सुजेवर धरून ती बसली. झऱ्याचं पाणीसुद्धा तेव्हा थांबलं होतं, असं म्हणतात. सूज ओसरली, वाट उघडली, तेव्हाच ती म्हणाली, "आता!"

पोरगी झाली. रडली. गोजरा वाचली.

सासूनं पहिलं काय विचारावं? "आता हिच्या वाटचं पाणी कोण आणंल?"

ठकूआईनं हंडा उचलला. सव्वा महिना तिनं गोजराचं पाणी भरलं. हंडा तिच्या डोक्यावर वीतभर तरंगत असे, असं म्हणतात. मला विचाराल तर म्हातारीची मान मोडून आली असणार. शेवटच्या दिवशी ती चढावरच्या दगडावर टेकली ती उठलीच नाही.

आता वाडीत नळ आहे. तरी सून बाळंत झाली की झऱ्याचा पहिला हंडा सासूनंच आणायचा, आणि ठकूआईच्या दगडावर टेकायचं. तिथं धाप लागलेल्या सासूला स्वतःची बाळंतपणं आठवतात. घरी येऊन ती सुनेला एकच सांगते, "पडून राहा, बाई."