इमरतबाईंचा झिरा

शाळेच्या खालच्या अंगाला, ओढ्याच्या ऐन मध्यावर, दगडांनी गोल बांधून काढलेला हा जो झिरा दिसतो, त्याला इमरतबाईंचा झिरा म्हणतात. वाकू नका पाहुणे, एवढ्यात हात घालू नका. तुमच्या पिशवीत शहरातली बाटली आहे ती दिसतेय आम्हाला. तिच्यातल्या गरम पाण्यावर आणखी थोडी कळ काढा. वैशाखात आसपासच्या विहिरी तळाला जातात, पण हा झिरा आटलेला कोणी पाहिला नाही. एकाने पाहिला म्हणे. पण तो उंबरवाडीचा, आणि उंबरवाडीचा माणूस खरं बोलला की त्याच्या घरी पुरणपोळी करतात, असं टेकवाडीचे लोक सांगतात. उंबरवाडीला विचाराल तर ती पोळी टेकवाडीत शिजते.

तर या दोन वाड्या. ओढ्याच्या वरच्या काठाला टेकवाडी, खालच्या काठाला उंबरवाडी. जुन्या काळी दोघींचं असं वाकडं, की एकीकडचा कोंबडा आरवला तर दुसरीकडे अजून रात्र आहे म्हणायचे. भांडण कशावरून लागलं ते सगळे विसरले; भांडायचं तेवढं विसरले नाहीत. अशा जागी, ऐन सुगीत, तालुक्याच्या मिशनमधून एक सिस्टर पायी चालत आली. मुलींना शिकवायचं एवढंच तिचं काम. नाव एमेरेन्सिया. ते नाव उच्चारताना दोघातिघांची कवळी हलल्यावर गावाने तिची इमरतबाई केली, आणि तीही हसून ओ देऊ लागली.

बाई वसईकडची. तिकडे परसात विहीर, वाडीत तळं. पाण्यालाही मालक असतो हे तिला कुठून ठाऊक असणार? उंबरवाडीच्या पहिल्याच दारात कोंडाबाईने तांब्या पुढे केला आणि ती घटाघटा प्यायली. फसली ती तिथेच. इकडचा रिवाज असा, की वस्तीला आलेलं माणूस पहिलं पाणी ज्या वाडीचं पितं, त्या वाडीचं होतं. सुनेला तोच कायदा, जावयाला तोच, बाजारातून आणलेल्या म्हशीलाही तोच.

झालं. उंबराखाली गोणपाट अंथरून शाळा सुरू झाली, ती निम्मीच. टेकवाडीची एकही पोर खाली उतरेना. शेवटी बाई स्वतः टेकाड चढून भागाईच्या दारात गेली. भागाई म्हणजे टेकवाडीची जीभ. तिची नात शाळेसाठी रडून रडून डोळे सुजवून बसली होती, तरी म्हातारी ढिम्म. बाईने दारात उभं राहून पाणी मागितलं. भागाई म्हणाली, "तू त्यांची झालीस, बाई. एकदा पाणी लागलं की लागलं. ते काय पुसून निघतंय?"

बाईने पुढे केलेली ओंजळ मागे घेतली. मग म्हणाली, "बरं. मग आजपासून मी तुमचंही पीत नाही आणि त्यांचंही पीत नाही. दोन्हीकडच्या पोरी एका गोणपाटावर बसेपर्यंत मी ओढ्यातलं पिईन."

ओढ्यातल्या झिऱ्याला मालक नव्हता. गुरं प्यायची तिथे. बाई तिथलं पाणी पदराने गाळून पिऊ लागली. यावर टेकवाडी विरघळेल असं तिला वाटलं होतं. उलट उंबरवाडीच रुसली. आमचं पाणी सोडलं म्हणजे आम्हाला सोडलं, म्हणत त्यांनीही पोरी काढून घेतल्या. गोणपाटावर राहिली एकटी बाई. देवाच्या मनात काय होतं कोण जाणे, पण त्यालाही हसू आलंच असेल.

मिशनमधून फादरांचा निरोप आला, की पावसापर्यंत शाळा भरली नाही तर परत या, दुसरीकडे गरज आहे. बाईने निरोप आणणाऱ्याला गूळ दिला, उत्तर दिलं नाही. रोज सकाळी ती गोणपाट अंथरायची, पाटीवर धडा लिहायची आणि रिकाम्या गोणपाटाला शिकवायची. मोठ्याने. दोन्ही काठांवर धुणं धुणाऱ्या बायका ऐकत नसल्याचं सोंग करायच्या, आणि सांजेला त्यांच्याच घरातल्या पोरी तो धडा घोकायच्या असं सांगतात.

उन्हाळा चढला तसं पाणी खाली गेलं. बाई वाळू उपसायची, खड्डा खोल करायची, ओंजळभर पाण्यासाठी आत उतरायची. एका दुपारी ती उतरली आणि वरची वाळू घसरली. कमरेपर्यंत, मग छातीपर्यंत. तिच्या हाकेसरशी दोन्ही काठांवरच्या बायका धुणं टाकून धावल्या. पुरुष पारावर बसून आधी कोणी जायचं ते ठरवत होते म्हणे. त्यांचं अजून ठरायचंय.

टेकवाडीच्या बायकांनी आपल्या बाजूने ओढलं तर समोरची वाळू ढासळली. उंबरवाडीच्या बायकांनी ओढलं तर अलीकडची. बाईच्या हनुवटीला वाळू लागली. तेव्हा भागाई ओरडली, "कोंडे, तू तो हात धर, मी हा धरते. दोघींनी मिळून वर घ्यायची. बाजूला ओढशील तर बघ." बाकीच्या जणी दोन्ही बाजूंनी हातांनी वाळू उपसत राहिल्या, आणि बाई सरळ वर आली. ती बाहेर निघाली त्या पोकळीत खालून पाणी भरलं, थंड आणि नितळ.

बाईचे ओठ फुटले होते. कोंडाबाईने तांब्या भरला, भागाईने तो हिसकावला, आणि पुन्हा जुंपणार तोच भागाई स्वतःशीच म्हणाली, "ही मेली असती, तर पाप कोणत्या वाडीला लागलं यावरही आपण भांडलो असतो." बाईने तोंड मिटून घेतलं होतं. कशीबशी म्हणाली, "आधी तुम्ही एकमेकींना पाजा. मग मी पिते."

भागाईने हातातला तांब्या कोंडाबाईकडे वळवला. मग कोंडाबाई खाली बसली, तिने ओंजळ धरली आणि भागाईने धार सोडली. नंतर भागाईने ओंजळ धरली. रिवाज तो रिवाज! झिऱ्याला मालक नसला तरी ज्याच्या हातचं पाणी प्यायलं त्याचे झालो. टेकवाडी उंबरवाडीची झाली आणि उंबरवाडी टेकवाडीची. पाण्याचा कायदा मोडायची हिंमत दोघींतही नव्हती. बाई तेव्हा कुठे प्यायली, आणि दुसऱ्या दिवशी गोणपाट कमी पडलं. भागाईची नात सगळ्यांच्या पुढे बसली होती.

आजही या शाळेत कोणी आपल्या हाताने पाणी पीत नाही. वरच्या वाडीची पोर खालच्या वाडीच्या पोरीला पाजते, खालची वरचीला. इथल्या मुली नर्स झाल्या, मास्तरणी झाल्या, एक तर फौजदार झाली. ती गावी आली की गाडी वर ठेवते, टोपी काढते आणि कालपरवाच्या पोरीपुढे ओंजळ धरून वाकते. तेवढा मान आम्ही मंत्र्यालाही देत नाही.

आता या पुढे. बाटली ठेवा खाली, ओंजळ धरा. पण आधीच सांगतो, एकदा प्यायलात की आमचे झालात. मग सुटका नाही.