लोण्याच्या पाठीवरच्या तीन चकत्या

एकदा काय झालं, एका राजाची एक लेक होती, केवडा. तिचा एक ससा होता, लोण्या. जेवताना मांडीवर लोण्या, झोपताना उशीशी लोण्या!

मग एके दिवशी लोण्याच्या पाठीवरचे केस गळले. बत्ताशाएवढ्या गोल चकत्या पडल्या, चांगल्या तीन. वर कोंडा, आणि खाज तर अशी की बिचारा पाय झाडून झाडून दमायचा. गजकर्ण ते, दुसरं काय!

आता त्या राजवाड्याची एक खोड होती, बरं का. कुणाला काहीही झालं की तेल-उटणं लावून न्हाऊ घालायचं. केवडाने लोण्याला न्हाऊ घातलं. ससा कधी न्हातो होय रे? थरथर कापला बिचारा. चकत्या वाढल्या. मग तिने रोज न्हाऊ घातलं. चकत्या आणखी वाढल्या. मग तिने मखमलीची कुंची शिवली, ओल्या अंगावर बांधली, आणि त्याला कुशीत घेऊन निजली. सकाळी बघते तर काय, तिच्याच गालावर लाल चकती!

राजा चिडला. मुकुटाखाली कराकरा खाजवत म्हणाला, "पौर्णिमेला हा ससा जंगलात सोडायचा. बास!"

जंगलात? कोल्हा एका घासात गट्टम करेल की! केवडा ढसाढसा रडली. मग उठली, लोण्याला टोपलीत घातलं आणि थेट डोंगरावर गेली. तिथे उन्हाची म्हातारी राहायची. सकाळचं कोवळं ऊन सुपात पाखडून ती त्याचं मलम करायची.

म्हातारीने कुंची सोडली आणि कपाळावर हात मारला. "अगं वेडाबाई, बुरशी आहे ही! ओलं, अंधारं, उबदार, हेच तर तिला हवं. तुझी माया फार ओली आहे गं. जरा कोरडी कर."

मग तिने मलमाची डबी दिली. "रोज लाव, पण चाटू देऊ नकोस. गवत रोज नवं घाल, हात धू. खाज थांबली तरी थांबायचं नाही, केस येईपर्यंत लावायचं. तुझ्या गालालाही लाव. आणि तोवर ह्याला कुशीत घ्यायचं नाही."

ते शेवटचंच अवघड होतं! लोण्या पिंजऱ्यातून नाक बाहेर काढायचा, आणि केवडा आपल्याच हातांवर बसून राहायची. सातव्या दिवशी खाज थांबली. घेऊ का आता? नको. पोरीने डोळे पुसले आणि मलम लावलं.

मग पौर्णिमेचा दिवस उजाडला. राजा आला. लोण्याच्या पाठीवर मऊ मऊ लव आलेली, पण राजा ऐकेना. "आजारी ते आजारी! जंगलातच जायचं!" असं म्हणून त्याने घाम पुसायला मुकुट काढला. आणि डोक्यावर काय? बत्ताशाएवढी चकती!

"बाबा, तुम्ही कधी घेतलं होतं ह्याला?"

राजा लाजला. "तू न्हायला गेलीस की घ्यायचो. थोडा वेळ. रोज."

"मग आता जंगलात दोघांना सोडू?"

राजा मुकाट्याने खाली बसला आणि डोकं पुढे केलं. "लाव बाई मलम."

मग लोण्याची पाठ भरली, केवडाचा गाल उजळला, राजाला चार केस आले. आणि केवडाने लोण्याला असं घट्ट कुशीत घेतलं, असं! तिघं सुखात राहिली हो.

चला, हात धुतले ना? मग या इकडे माझ्या कुशीत, आणि मिटा डोळे.